मुरगळला म्हणून सोडून दिलेला पाय (पावलाच्या मधल्या सांध्यांची दुखापत)

ओसरी | १७ जानेवारी, रात्री ९:४०

आज हळदीकुंकवाला आलेल्या बारा जणींपैकी दहा जणी म्हणाल्या, "अगं मुरगळलाय, होईल आठ दिवसांत बरा." पायात एक प्लेट आणि तीन स्क्रू आहेत हे प्रत्येकीला वेगळं सांगून दमले, म्हणून इथे एकदाच लिहिते.

१२ डिसेंबरला संध्याकाळी लाइट गेले होते. जिना उतरताना वाटलं पायऱ्या संपल्या, आणि एक पायरी उरलेली होती. पाऊल बोटांवर टेकलं, टाच वरच राहिली आणि सगळं वजन उभंच्या उभं त्यावर आलं. आतून बारीकसा 'कट्' आवाज. घोट्याला काही नाही, घोटा छान गोल फिरत होता. दुखत होतं ते पावलाच्या वरच्या बाजूला, चपलेचा आडवा पट्टा येतो तिथे.

सासूबाईंनी आंबेहळदीचा लेप घातला. सकाळी जवळच्या दवाखान्यात एक्स-रे झाला, टेबलावर पाय ठेवून. "फ्रॅक्चर नाही, लचक आहे. क्रेप बँडेज बांधा, पाच दिवसांनी चाला." मी तिसऱ्याच दिवशी टाचेवर चालायला लागले, कारण टाचेवर चालता येत होतं! चवडा टेकला की मात्र डोळ्यांपुढे अंधारी.

त्याच रात्री लेप धुताना तळपाय पाहिला. मध्यभागी, कमानीत, जांभळाएवढा आणि जांभळाच्याच रंगाचा डाग. वाटलं लेपाचाच रंग असेल. साबणाने घासला, गेला नाही. मामेबहीण नाशिकला फिजिओ आहे, तिला सहज फोटो पाठवला. दोन मिनिटांत फोन. "ताई, तो पाय खाली टेकवू नकोस. उद्या दोन्ही पायांचा एक्स-रे काढ, उभं राहून. झोपून नाही, उभं राहून." तीनदा म्हणाली.

उभ्याने काढलेल्या फोटोत अंगठ्यामागचं हाड आणि शेजारचं हाड यांच्यात दुसऱ्या पायापेक्षा ३ मिलिमीटर जास्त फट. सीटी स्कॅनमध्ये हाडाचा एक टवकाही सापडला. नाव कळलं लिसफ्रँक. सूज उतरायची वाट पाहून २६ डिसेंबरला ऑपरेशन झालं. अजून पाच आठवडे पाय टेकवायचा नाही.

कुणाला अनुभव असेल तर लिहा. आणि जाणकारांनी सांगा, हे पहिल्याच दिवशी कसं ओळखायचं?

चहाबाज | १७ जानेवारी, रात्री १०:०५

बापरे. लवकर बऱ्या व्हा. लिसफ्रँक ऐकून आधी वाटलं चीजचा प्रकार आहे.

हाडाचा डॉक्टर | १७ जानेवारी, रात्री ११:३२

चीज नव्हे, माणूस. जाक लिसफ्रँक (मृत्यू १८४७), फ्रेंच सर्जन, नेपोलियनच्या सैन्यातही होता. त्याने १८१५ साली या सांध्यातून पुढचं पाऊल कापून काढायची पद्धत लिहिली. गंमत म्हणजे आपण ज्याला लिसफ्रँक दुखापत म्हणतो तिचं वर्णन करून तो प्रसिद्ध झालेला नाही, तो झाला कापाकापीमुळे. घोड्यावरून पडताना रिकिबीत अडकलेलं पाऊल ही त्या काळची ठरलेली कथा. आज घोड्याच्या जागी मोटरसायकल, ब्रेकवर दाबलेला पाय आणि ओसरीताईंची न दिसलेली पायरी.

रचना समजली की बाकीचं आपोआप समजतं. बोटांमागे पाच लांब हाडं असतात, मेटाटार्सल. त्यांच्या मागे क्युनिफॉर्म नावाची तीन पाचरीसारखी हाडं आणि बाहेरच्या बाजूला क्युबॉइड. ही रांग जिथे भेटते तो लिसफ्रँकचा सांधा. पाऊल आडवं कापून पाहिलं तर तिथे चक्क दगडी कमान दिसते, आणि कमानीत मधला कळीचा दगड असतो तसं दुसऱ्या मेटाटार्सलचं बूड दोन्ही शेजाऱ्यांच्या मध्ये खोलवर बसवलेलं असतं.

आता निसर्गाची विचित्र सोय बघा. दुसरं-तिसरं, तिसरं-चौथं, चौथं-पाचवं ही हाडं बुडाशी एकमेकांना अस्थिबंधांनी बांधलेली आहेत. पहिलं आणि दुसरं मात्र एकमेकांना बांधलेलं नाही. तिथे आतल्या क्युनिफॉर्मपासून दुसऱ्याच्या बुडापर्यंत एक तिरका जाड बंध जातो. सगळी मदार त्या एकावर. तो तुटला किंवा हाडाचा टवका घेऊन निसटला की कळीचा दगड सैल.

हाडं शाबूत आणि बंध तुटलेला, असं असेल तर झोपून काढलेला एक्स-रे साळसूद दिसतो. वजन नसताना हाडं आपापल्या जागी परत जाऊन बसतात. खाटेची नवार सैल आहे की नाही हे कुणी बसल्याशिवाय कळत नाही, तसं. म्हणून उभ्याने फोटो, आणि दोन्ही पायांचा, कारण प्रत्येकाची मूळ फट थोडी वेगळी असते. समोरच्या फोटोत दुसऱ्या मेटाटार्सलची आतली कड मधल्या क्युनिफॉर्मच्या आतल्या कडेशी सरळ रेषेत हवी. तिरक्या फोटोत तीच परीक्षा चौथ्या मेटाटार्सलची आणि क्युबॉइडची. बाजूच्या फोटोत वरच्या कडेला पायरी दिसता कामा नये. पहिल्या-दुसऱ्यामध्ये २ मिमीपेक्षा जास्त फट दिसली की आम्ही सावध होतो. त्या फटीत तांदळाच्या कणीएवढा टवका दिसला तर शंका उरत नाही.

दुखण्यामुळे उभं राहता येत नसेल तर जबरदस्ती करायची नाही. स्लॅब (अर्धं प्लास्टर) घालून आठ-दहा दिवसांनी पुन्हा फोटो, नाहीतर सरळ सीटी किंवा एमआरआय.

पहिल्या भेटीत अशा पाचांतली एक तरी सुटते असं आमच्या पुस्तकांतच लिहिलेलं आहे. तुमच्या पहिल्या डॉक्टरांना फार बोल लावू नका.

ओसरी | १७ जानेवारी, रात्री ११:५०

बोल लावत नाही हो. फक्त "चाला" म्हणाले नसते तर बरं झालं असतं.

रंकाळ्याचा वारा | १८ जानेवारी, सकाळी ७:१५

डॉक्टर, राग मानू नका, पण एवढा बाऊ कशाला? आमच्या कोल्हापुरात तालमीत वस्ताद पाय बसवतात. दोन हिसके, वर रक्तचंदन, आठ दिवसांत गडी मैदानात. मी स्वतः तीन वेळा बसवून घेतलाय. एक्स-रे उभ्याने काढा, बसून काढा, सगळा खर्चाचा मामला हाय बघा.

हाडाचा डॉक्टर | १८ जानेवारी, दुपारी २:१०

राग कसला. वस्तादांचा हात मी पाहिलाय. निखळलेला खांदा काही जण आमच्या शिकाऊ डॉक्टरांपेक्षा सफाईने बसवतात. पण तुमचा तीन वेळा मुरगळला तो घोटा असणार, बाहेरच्या बाजूने. तो साधा असेल तर हिसका द्या, लेप लावा किंवा नुसता उशीवर ठेवा, बहुतेक वेळा बराच होतो. श्रेय लेपाला जातं.

इथे तसं नाही. तुटलेला बंध हिसक्याने जुळत नाही, उरलेले धागेही तुटतात. चोळणं, तुडवणं, ओढणं सगळं वर्ज्य.

खर्चाचं म्हणाल तर उभ्याने काढलेला एक्स-रे झोपून काढलेल्या एक्स-रेएवढ्याच पैशात होतो. फक्त सांगावं लागतं.

सह्यभटक्या | १८ जानेवारी, रात्री ८:४५

ओसरीताई, तुम्हाला चार दिवसांत कळलं. मला कळायला चार महिने लागले.

२०१४, हरिश्चंद्रगड, नळीची वाट. दोन धोंड्यांमध्ये चवडा अडकला आणि मी पुढे पडलो. तसाच गड चढलो आणि तसाच उतरलो, कारण ग्रुपमध्ये हसं होईल. बूट घट्ट बांधला होता, त्याने सांभाळून घेतलं. घरी आल्यावर बूट काढला तो पुन्हा त्या पायात जाईना.

त्यानंतर "जुनी लचक", "टाचेचं हाड वाढलंय", "वजन कमी करा" असं सगळं ऐकून झालं. लक्षणं मात्र तीच: सपाटीवर ठीक, जिना उतरताना चवड्यावर वजन आलं की कळ. चवड्यावर उभं राहून माळ्यावरचा डबा काढता यायचा नाही. हळूहळू कमान बसत गेली. ओल्या पायाने फरशीवर उभं राहिलो की एक ठसा पावलाचा आणि दुसरा पराठ्याचा.

कळलं तेव्हा सांधा घासला गेला होता. काही वर्षं इनसोल, गोळ्या, इंजेक्शन यांवर काढली. २०१९ ला आतले तीन सांधे कायमचे जोडून टाकले. 'सांधा जोडून टाकणार' ऐकून मी दोन रात्री झोपलो नव्हतो. पाऊल लाकडी होईल असं वाटलं होतं. तसं काही झालं नाही. आज राजगड, तोरणा आरामात करतो, फक्त कडक तळव्याचा बूट लागतो. उड्या बंद.

डॉक्टर, हे असं का? सांधा गेला तरी चाल कशी नाही बिघडली?

हाडाचा डॉक्टर | १९ जानेवारी, रात्री १०:२०

कारण ते तीन सांधे मुळातच जेमतेम हलतात. त्यांचं काम ताठ राहायचं. पुढे पाऊल रेटताना तो भाग काठीसारखा कडक हवा. चौथा आणि पाचवा मात्र उंचसखल जमिनीशी जुळवून घेतात, म्हणून ते सहसा कुणी जोडत नाही. तिथे तात्पुरत्या तारा घालतात आणि सहा आठवड्यांच्या सुमाराला काढून टाकतात.

उपचाराचा हिशेब थोडक्यात असा. उभ्याने काढलेल्या फोटोतही हाडं जागची हलली नाहीत तर ऑपरेशन नको. प्लास्टर किंवा बूट, सहा आठवडे पाय अधांतरी, मध्ये पुन्हा फोटो, कारण आज स्थिर दिसलेला पाय दोन आठवड्यांनी सरकलेला सापडू शकतो. हाडं हललेली असतील तर ती अचूक जागेवर आणून स्क्रू-प्लेटने धरून ठेवणं किंवा सुरुवातीलाच जोडून टाकणं. नुसता बंध तुटलेल्यांमध्ये पहिल्याच वेळी सांधा जोडलेला बरा, असा निष्कर्ष २००६ च्या एका अमेरिकन तुलनेत निघाला होता. रुग्ण ४१. त्यावर आमच्या परिषदांमध्ये आजही भांडणं होतात. मी स्वतः तरुण आणि हाड मोडलेल्या रुग्णात धरून ठेवतो, आणि बंधांचा चुराडा असेल तर जोडतो. दुसरा सर्जन उलट सांगेल, तोही चुकीचा नसेल.

ऑपरेशन लगेच का नाही, हे नातेवाईक रोज विचारतात. सुजलेल्या पावलावर चिरा दिला तर कातडी जुळत नाही. सूज उतरून वर बारीक सुरकुत्या दिसल्या की आम्ही तारीख देतो. दहा-बारा दिवस जातात, त्याने बिघडत नाही.

अपवाद एकच: पायावरून चाक गेलंय, पाऊल दगडासारखं टणक झालंय, दुखणं औषधाने कमी न होता वाढतंय, बोटं हलवली की जीव जातोय. तिथे तासांचा हिशेब. रात्री दोन वाजता का असेना, निघायचं.

तंबाखू, मिश्री, सिगारेट बंद. हाड जुळायला खरोखर उशीर लागतो, सांगून सांगून जीभ झिजली.

न्यू जर्सीचा नाना | २० जानेवारी, पहाटे ५:३०

इकडे हा शब्द पानवाल्यालाही माहीत असतो (पानवाला असता तर). अमेरिकन फुटबॉलमुळे. ह्यूस्टन संघाच्या मॅट शॉब या खेळाडूचा २०११ चा उरलेला हंगाम या एका दुखापतीने संपला होता. बोटं जमिनीत रोवलेली, टाच वर आणि टाचेवर दुसरा गडी येऊन पडतो. ओसरीताईंच्या जिन्याचंच गणित, फक्त वरचा माणूस शंभर किलोचा.

आजोळ | २० जानेवारी, दुपारी १२:५५

विषयांतर वाटलं तर सांगा. वडील ६२, मधुमेह वीस वर्षांचा. मागच्या दिवाळीत उजवं पाऊल मधोमध सुजलं, लाल, हाताला गरम. दुखत अजिबात नव्हतं, म्हणून ते रोज फिरायला जात राहिले. जंतुसंसर्ग म्हणून दोन कोर्स अँटिबायोटिक्स झाले. शेवटी कळलं की मधली हाडं सरकून मोडलीत. "शार्को" असं काहीतरी नाव सांगितलं. हे यातलंच का?

हाडाचा डॉक्टर | २० जानेवारी, रात्री ९:१५

विषयांतर मुळीच नाही, आपल्याकडे तर हे जास्त महत्त्वाचं. मधुमेहाने नसा बधिर झाल्या की पाऊल तक्रार करत नाही. बारीक दुखापतीवर माणूस चालत राहतो आणि हाडं विरघळल्यासारखी मोडत जातात. सर्वांत जास्त वेळा गाठ पडते ती याच मधल्या सांध्यांशी. दुखत नाही हीच धोक्याची खूण. दोन्ही पावलांचं तापमान कातडीवरून मोजलं आणि सुजलेलं २ अंश सेल्सिअसपेक्षा जास्त गरम निघालं की आम्ही शार्को धरून चालतो. उपचार म्हणजे पावलाला घट्ट लगटून बसणारं प्लास्टर, वेळोवेळी बदलत, पाऊल थंड होईपर्यंत. महिने लागतात. वडिलांचं फिरणं सध्या पूर्ण बंद ना?

आजोळ | २० जानेवारी, रात्री ९:४०

बंद आहे. ऐकत नाहीत, पण प्लास्टरमुळे नाइलाज. धन्यवाद डॉक्टर.

ओसरी | २३ जानेवारी, दुपारी ३:३०

एका पायाच्या संसाराबद्दल थोडं, पुढच्या माणसाला उपयोग होईल.

कुबड्यांवर असताना चहाचा कप एका खोलीतून दुसऱ्या खोलीत नेता येत नाही. दोन्ही हात गुंतलेले. ही गोष्ट कुणीच आधी सांगत नाही. आता चहा थर्मासमध्ये, थर्मास शबनम पिशवीत, पिशवी गळ्यात. मोबाइल, चष्मा, गोळ्यापण त्यातच. न्हाणीघरात प्लास्टिकची खुर्ची, तिच्या पायांना रबरी बुचं. देशी संडास असेल तर कमोडची खुर्ची भाड्याने मिळते, आधीच बोलून ठेवा. जिना बसून चढायचा-उतरायचा, लहान मुलासारखा. शेजारचा चार वर्षांचा बाळू माझ्याबरोबर शर्यत लावतो आणि जिंकतो.

रक्ताची गुठळी होऊ नये म्हणून मला सुरुवातीला पोटातली इंजेक्शनं होती. पोटरी अचानक दुखून फुगली किंवा धाप लागली तर न थांबता यायचं, असं बजावलंय.

प्लेट बहुतेक मे महिन्यात काढतील. काही डॉक्टर काढत नाहीत म्हणे.

गतिमान | २३ जानेवारी, सायंकाळी ६:२०

मी फिजिओ. पाय टेकवायची परवानगी मिळाल्यावर काय, ते सांगते. पहिल्या दिवशी पाऊल परकं वाटेल, काळंजांभळं होईल, संध्याकाळी भाकरीसारखं फुगेल. घाबरू नका, सूज सहा महिने ते वर्षभर येत-जात राहते. आधी बुटात थोडं वजन, मग पूर्ण वजन, मग कमानीला आधार देणारा इनसोल घालून साधा बूट. दोन्ही चवड्यांवर उभं राहता आलं की मग एका. घाई इथेच होते. आणि उजवा पाय असेल तर ब्रेक जोरात दाबून बघता आल्याशिवाय गाडी नाही, लोकांच्या जिवाचा प्रश्न आहे. घरात अनवाणी चालायची आपली सवय काही महिने सोडा. फरशीवर घालायला कडक तळव्याची वेगळी चप्पल ठेवा. मऊ, दुमडणारी नको. दुकानदार मऊच गळ्यात मारतात.

ओसरी | २३ जानेवारी, सायंकाळी ६:४८

डावा आहे. पण गिअरची मोटरसायकल आहे!

गतिमान | २३ जानेवारी, सायंकाळी ६:५१

मग रिक्षा.

रंकाळ्याचा वारा | २ फेब्रुवारी, रात्री १०:३०

डॉक्टर, आहात का? भाचा १७ वर्षांचा, पेठेच्या संघातून फुटबॉल खेळतो. काल सामन्यात चवडा रोवलेला असताना मागनं एक जण टाचेवर आदळला. पाऊल वरनं सुजलंय, चार पावलं सलग टाकता येईनात. सकाळी पोराला घेऊन वस्तादांकडं गेलो. त्यांनी घोटा बघितला, मग तळवा उलटा करून बघितला आणि हात मागं घेतला. म्हणाले, "तळव्याला रक्त उतरलंय. याला मी हात लावणार नाही. दवाखान्यात ने."

त्यांच्याकडनं सरळ दवाखान्यात गेलो. तुम्ही लिहिलेलं तसंच सांगितलं, दोन्ही पाय, उभ्याने. टेक्निशियन म्हणाला, चिठ्ठीवर तसं लिहिलेलं नाही. म्हटलं, लिहून आणतो. आणलं. फट दिसली नाही. तरी डाग बघून डॉक्टरांनी एमआरआय सांगितला. बंध अर्धवट फाटलाय, तुटलेला नाही. प्लास्टर, सहा आठवडे. दोन आठवड्यांनी परत उभ्याने फोटो. हंगाम गेला पोराचा, जेवलं नाही आज.

माझ्या त्या खर्चाच्या मामल्याबद्दल माफी असावी.

हाडाचा डॉक्टर | २ फेब्रुवारी, रात्री ११:०५

माफी कशाची? वस्तादांना माझा नमस्कार सांगा. तळवा उलटून बघायची आठवण आमच्यातल्या कित्येकांना होत नाही. दोन आठवड्यांचा फोटो मात्र चुकवू नका, बरं वाटतंय म्हणून हमखास चुकवला जातो. पुढच्या हंगामाला खेळेल.

रंकाळ्याचा वारा | २ फेब्रुवारी, रात्री ११:१२

सांगतो. भाचा विचारतोय, प्लास्टरवर सगळ्या संघाच्या सह्या घेतल्या तर चालतील का.

हाडाचा डॉक्टर | २ फेब्रुवारी, रात्री ११:१४

चालतील. सह्या घ्यायला उडी मारत जायचं नाही, संघाला घरी बोलवा.